साखऱ्याचे रिकामे सापळे

"किती?"

"शून्य."

"सगळ्या सापळ्यांत?"

"सगळ्या. आज चौथा दिवस."

सेनगावच्या एसटीडी बूथमधून मी हिंगोलीच्या ऑफिसला आकडे सांगत होतो. पलीकडे आमचे प्रकल्प अधिकारी मोरे साहेब होते. ते खूश झाले.

"उत्तम. म्हणजे फवारणी नाहीच. रिपोर्ट तसाच लिही. साखऱ्याचं नाव नमुन्याचं गाव म्हणून वर पाठवू."

मी फोन ठेवला. मला काही खूश होता येईना. पाच दिवसांपूर्वीपर्यंत त्याच सापळ्यांत रोज प्रत्येकी चार-पाच पतंग पडत होते. किडीचा आकडा हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. चाळीस सापळे एका रात्रीत एकदम रिकामे होत नाहीत.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी एका संस्थेच्या कीड नियंत्रण प्रकल्पात टेक्निकल असिस्टंट होतो. सेनगाव तालुक्यातलं साखरा हे माझ्याकडच्या गावांपैकी एक. जमीन कोरडवाहू. रब्बीत हरभरा, आणि हरभऱ्यावर घाटेअळी. हरभऱ्याच्या शेंगेला घाटा म्हणतात. ही अळी घाट्याला भोक पाडते, डोकं आत घालते, धड बाहेर ठेवते आणि दाणा खाऊन पुढच्या घाट्याकडे जाते. साखऱ्यात तिच्यावर वर्षानुवर्षं औषधं मारली गेली होती. आता ती औषधानं मरतही नव्हती. फवारणी मात्र ठरल्या दिवशी होत होती, कारण शेजाऱ्याची झालेली असायची.

आमचा प्रकल्प सांगत होता, आधी कीड मोजा, मग फवारा. मोजायला कामगंध सापळा. हिरव्या प्लास्टिकचं नरसाळं, त्याच्यावर छोटं छप्पर, खाली लांब पारदर्शक पिशवी. छपराखाली रबराचं एक बूच अडकवलेलं असतं. त्याला ल्युअर म्हणतात. घाटेअळीची मादी पतंग नराला बोलवण्यासाठी अंगातून एक गंध सोडते. तोच गंध कारखान्यात तयार करून त्या रबरात मुरवलेला असतो. नर येतो, बुचाभोवती घिरट्या घालतो, नरसाळ्यात घसरतो आणि पिशवीत पडतो. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा नर पडले, तर पुढे अंडी आणि अळ्या येणार हे नक्की. मग फवारायचं. त्याच्या आत नाही.

हे सगळं मी नोव्हेंबरात गावाच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून सांगितलं होतं. बूच उंच धरून म्हणालो होतो, "यात मादीचा वास आहे." लोकांनी ऐकून घेतलं. फवारणीचा पंप घरात ठेवायची तयारी मात्र कोणाची दिसेना. तेव्हा सुभद्राबाई उठल्या.

सुभद्राबाईंचं दोन एकर रान होतं. नवरा हंगामात वसमतकडच्या साखर कारखान्यावर कामाला जायचा, त्यामुळे शेताचे निर्णय त्यांचेच. त्या वर्षी कापूस गेला होता. घराची सगळी भिस्त हरभऱ्यावर होती. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मी सापळ्याचं ऐकनार. सापळा सांगल तवाच फवारनार. माझं रान बघा, मग तुमचं ठरवा." त्यांनी असं म्हटल्यावर हो-ना करत बाकीचे तयार झाले. सकाळी पिशव्या मोजायचं कामही त्यांनीच घेतलं. सोबत आणखी चार बायका.

म्हणजे सापळा चुकला, तर पहिलं रान सुभद्राबाईंचं जाणार होतं. आणि बाकीच्या रानांचं उत्तरही त्यांनाच द्यावं लागणार होतं.

सेनगावहून मी मोटारसायकलनं थेट त्यांच्या बांधावर गेलो.

"जय भीम, साहेब."

"जय भीम, ताई. आजचा आकडा तोच?"

"काय आकडा अन् काय. पिशव्या झटकून झटकून हात दुखून राहिले. माशी बी न्हाई." त्यांनी खाली बसून हरभऱ्याचा एक शेंडा वाकवला. "इकडं या. हे काय हाय, सांगा."

कोवळ्या पानावर खसखशीएवढा पांढरट-पिवळा ठिपका होता. बाजूच्या झाडावर दोन. त्याच्या पुढच्या झाडावर एक.

"अंडी," मी म्हणालो.

"मला बी ठावं हाय अंडी हायत. पतंग न्हाई तर घातली कुनी? तुमच्या मोरे साहेबानं?"

थंडीत अंड्यातून अळी निघायला चार-पाच दिवस लागतात. अळी लहान आहे तोवर निंबोळी अर्क किंवा विषाणूचं औषध चालतं. आठ-दहा दिवसांची झाली की चालत नाही. तेव्हा ती घाट्यात डोकं घालून बसलेली असते.

पलीकडच्या रानातून ज्ञानोबा आला. खांद्यावर पंप होता, अजून रिकामा.

"काय वहिनी, सापळा बोलला का? का झोपला?"

"तू पंप खाली ठेव आदी."

"ठेवतो की. परवापातूर ठेवतो. परवा मी कुनाचं ऐकनार न्हाई. तुमी बी ऐकू नका."

परवापर्यंत. म्हणजे हातात दोन दिवस होते.

मी सापळे तपासायला लागलो. पद्धत ठरलेली असते. सापळ्याची उंची पिकाच्या फूटभर वर आहे का? होती. पिशवीचा तळ घट्ट बांधलाय का? बांधलेला होता. कुठे फाटलीय का? नाही. मुंग्यांनी पतंग ओढून नेले का? नेले असते तर पंख उरले असते. पंख नव्हते. ल्युअर जागेवर आहे का? खालून डोकावून बघितलं. प्रत्येक छपराखाली बूच होतं. त्याला हात लावायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं. हाताचा घाम आणि तेल त्याला लागता कामा नये. मी हात लावला नाही.

"ल्युअर कधी बदलले?"

"पाच दिस झाले. गनपतराव काकांनी बदलले."

ल्युअरचा गंध तीन आठवड्यांत उडून जातो. मग नवा लावायचा. नवं पाकीट मी आधीच गणपतरावांकडे देऊन ठेवलं होतं. गावातला सगळ्यांत नेटका माणूस. दिलेली वस्तू त्यांच्याकडे दहा वर्षांनीही जागच्या जागी सापडायची. एक अख्खा दिवस पायी फिरून त्यांनी चाळीस सापळ्यांचे ल्युअर चिमट्यानं बदलले होते. ल्युअर बदलले आणि सापळे बंद पडले. म्हणजे संशय एकाच गोष्टीवर येत होता. पाकीट खराब आलं असणार.

पण हा अंदाज झाला. कदाचित नर खरंच नसतील. कदाचित अंडी आधीच्या पतंगांची असतील आणि पुढे काही येणार नसेल. मग फवारणी उगाच होईल, आणि "सापळ्याला काही कळत नाही" हे गावात कायमचं ठरेल. नक्की करायचं तर शेतात चांगला ल्युअर लावून बघायला हवा होता. माझ्याकडे एकही नव्हता. पुण्याहून यायला आठवडा लागला असता.

मी हे सुभद्राबाईंना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला.

"म्हंजे तुमाला मादीचा वास पायजे."

"हो."

"मंग मादीच घ्या की. माझ्या घरी हाय."

त्यांच्या घरात भिंतीतल्या फळीवर फोटोच्या रोलच्या रिकाम्या डब्या ओळीनं मांडलेल्या होत्या. त्यांचा भाऊ सेनगावात फोटो स्टुडिओत कामाला होता. प्रत्येक डबीच्या झाकणाला सुईची भोकं. आत तुरीच्या दाण्यावर एकेक घाटेअळी. शेजारी काचेचे ग्लास, ग्लासात ओली माती, तोंडावर फडकं. अळी कोषात जायला आली की त्या तिला ग्लासात हलवत होत्या.

मी विचारलं, "हे कशाला?"

"तुमी म्हनला, अळीचा पतंग होतो. खरं का खोटं, बघावं म्हनलं. तुरीवरून आनल्या व्हत्या."

"आणि एका डबीत एकच का?"

"दोन ठेवल्या तर सकाळी एकच ऱ्हाती. अन् ती बी जाड होऊन. एकमेकीला खात्यात त्या."

हे खरं आहे. घाटेअळ्या एकत्र वाढवता येत नाहीत. प्रयोगशाळेतही त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. सुभद्राबाईंनी ते कोणी न सांगता शोधून काढलं होतं. आणि त्याचा एक फायदा होता, जो त्यांच्या लक्षात आला नव्हता. प्रत्येक पतंग एकेकटा बाहेर आला होता. म्हणजे मादी असेल तर तिला नर भेटलेला नव्हता. नर न भेटलेली मादीच गंध सोडते. एकदा मीलन झालं की ती बोलवणं थांबवते.

एका ग्लासातला पतंग हिरवट राखाडी होता. दुसऱ्यातला विटकरी-तपकिरी. तो तीन दिवसांपूर्वी निघाला होता.

"ही मादी," मी म्हणालो.

"व्हय. तुमच्या तक्त्यावर रंग व्हता."

पिंजऱ्यासाठी चहाच्या दोन गाळण्या घेतल्या. तोंडाला तोंड लावून दोऱ्यानं शिवल्या. आत मादी आणि साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. सूर्य मावळताना सुभद्राबाईंच्या रानातल्या मधल्या सापळ्याचं बूच मी काढलं आणि तिथं गाळण्या टांगल्या. काढलेलं बूच कागदात गुंडाळून खिशात टाकलं. बाकीचे सापळे तसेच ठेवले. मादी जाळीला धरून शांत बसली होती. ज्ञानोबा म्हणाला, "बिचारीला कोन ऐकनार हाय हितं?" मीही मनात तेच म्हणत होतो. मी त्या रात्री शाळेच्या मास्तरांकडे मुक्काम केला.

सकाळी बांधावर पोचलो तेव्हा दंव पडलं होतं. सुभद्राबाई आधीच येऊन उभ्या होत्या. त्यांनी पिशवीला हात लावला नव्हता. ज्ञानोबा आणि गणपतराव मागून आले.

पिशवी हलत होती. लांबून ती वाऱ्यानं हलतेय असं वाटलं. पण वारा नव्हता. आत पतंग एकावर एक चढत होते. प्लास्टिकवर पंखांचा बारीक, कोरडा आवाज येत होता. दोन पतंग अजून छपराखाली होते. त्यातला एक गाळणीला बाहेरून चिकटून बसला होता. आतली मादी होती तशीच होती.

सुभद्राबाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि एकेक करून मोजलं. तेवीस. मी प्रत्येकाचा रंग पाहिला. सगळे हिरवट. सगळे नर.

मग शेजारचे चार सापळे बघितले. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

त्या रानात रात्रभर नर फिरत होते. रबराच्या बुचांवरून ते सरळ पुढे गेले होते. आणि एका जिवंत मादीपाशी, चहाच्या गाळणीत बंद असलेल्या मादीपाशी, तेवीस जण अंधारात वाट काढत येऊन पोचले होते. मादीच्या अंगात एका वेळी किती गंध असतो ते मी पुस्तकात वाचलं होतं. मोहरीच्या एका दाण्याचे हजार तुकडे केले, तर त्यातला एक तुकडाही त्याच्यापुढे मोठा ठरेल. एवढा गंध उघड्या रानात, वाऱ्यावर पसरतो. डोक्यावरच्या दोन मिशांनी नर तो पकडतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं वळणं घेत येतो. गंध सुटला तर आडवा उडून पुन्हा शोधतो. हे सगळं मी लोकांना शिकवत होतो. पण पिशवीत ते हलताना पाहिल्यावर कळलं की तोवर मी फक्त वाक्यं म्हणत होतो.

ज्ञानोबा म्हणाला, "एवढ्या थंडीत तेवीस जन! आमाला घरचे बोलावून राहिले तरी शेकोटी सोडवत न्हाई."

सुभद्राबाई हसल्या. गणपतराव हसले नाहीत. ते पुढे आले. गाळणी खाली घेतली. नाकाशी नेली. एकदा, दोनदा, डोळे मिटून.

"वास न्हाई येत," ते म्हणाले.

"नाही येत, काका."

"मादी हाय तरी?"

"आपल्याला येत नाही. माणसाच्या नाकाला तो कळत नाही."

"अन् त्या बुचाचा?"

"त्याचाही नाही."

गणपतराव बांधावर बसले. म्हणाले, "हे आदी सांगायचं व्हतं, साहेब."

ते उठून घरी गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात उरलेले पाच-सहा ल्युअर होते. डबा उघडताच हिना अत्तराचा वास आला. मी खिशातलं बूच काढलं, कागद उलगडला आणि पहिल्यांदाच नाकाशी धरलं. तोच वास. जुना, मंद, पण तोच.

"काका, याला अत्तर कशाला?"

"तुमी म्हनला, ह्याच्यात वास हाय. पाकीट फोडलं, वास घेतला, काय न्हाई. सुनेला दिलं. तिला बी न्हाई. म्हनलं, बोगस आलं. बियानं बोगस येतं, औशिद बोगस येतं, हे बी आलं. तुमी हिंगोलीवरून एवढी तकलीफ घेऊन आनलं. तुमाला काहून सांगायचं? तुमच्यावर साहेब लोक बोलले असते. घरात पोरीच्या लग्नातलं अत्तर व्हतं, वसमतचं, चांगलं. येकेक थेंब लावला. बराबर वास आला. मंग लावले."

त्यांनी चाळीस बुचांना एकेक थेंब लावला होता. अत्तर तेलकट असतं. तेलाचा थर रबरावर बसला असावा आणि आतला गंध अडला असावा. किंवा अत्तराच्या वासात तो हरवला असावा. नेमकं काय झालं, ते मोजायचं साधन आमच्याकडे नव्हतं. परिणाम मात्र पिशव्यांत दिसत होता.

ज्ञानोबा काहीतरी बोलणार होता. सुभद्राबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"चूक माझी हाय," गणपतराव म्हणाले.

"नाही काका," मी म्हणालो. "वास आहे एवढंच मी सांगितलं. येत नाही, हे सांगितलंच नाही."

मी ते त्यांची समजूत काढण्यासाठी म्हणालो नव्हतो. नोव्हेंबरात आणलेले पहिले ल्युअर मी स्वतः लावले होते, म्हणून ते चालले. कोणाच्या नाकाशी गेलेच नव्हते. ज्या दिवशी काम गावाच्या हातात गेलं, त्या दिवशी माझ्या अर्धवट वाक्याची परीक्षा झाली.

आता नर किती हे कळलं होतं. अंडी दिसतच होती. मी सेनगावला जाऊन फोन केला.

"साहेब, साखऱ्याचा रिपोर्ट थांबवा."

"कालच पाठवला."

"मग परत मागवा. आकडा शून्य नाही. तेवीस आहे. विषाणूच्या बाटल्या आजच पाठवा."

"काल शून्य आणि आज तेवीस? सापळे बंद कशानं पडले होते?"

"अत्तरानं."

"काय?"

"अत्तर, साहेब. लग्नात लावतात ते."

मोरे साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये हे कुठल्या रकान्यात लिहायचं?" मी म्हणालो, मलाही माहीत नाही. बाटल्या संध्याकाळच्या एसटीनं आल्या.

त्या दिवशी साखऱ्यात निंबोळ्या कुटण्याचा आवाज दुपारपर्यंत चालला. उन्हाळ्यात गोळा केलेल्या निंबोळ्या जवळपास प्रत्येक घरात होत्या. भुकटी रात्रभर पाण्यात भिजवली, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळली. ज्ञानोबानं पंप भरला, पण निंबोळी अर्कानं. अर्क आधी त्यानं सुभद्राबाईंच्या रानात मारला. कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीच्या ज्या रानांत अंड्यांतून अळ्या निघायला लागल्या होत्या तिथं विषाणूचं औषध संध्याकाळी फवारलं. उन्हात तो विषाणू टिकत नाही. तो फक्त त्या अळीला मारतो. माणसाला, गुराला, मधमाशीला त्याची बाधा होत नाही. आजारी अळी मरायच्या आधी झाडाच्या शेंड्यावर चढते आणि तिथं उलटी लटकते. आठवड्याभरानं हरभऱ्याच्या शेंड्यांवर त्या काळपट लटकलेल्या अळ्या दिसायला लागल्या. गावातली लेकरं त्या मोजत फिरत होती.

पुण्याहून नवे ल्युअर येईपर्यंत तीन सापळे सुभद्राबाईंच्या माद्यांवर चालले. रोज संध्याकाळी त्या गाळण्या टांगत होत्या आणि सकाळी आकडा सांगत होत्या. तेवीसचे एकोणीस झाले, मग अकरा, मग पाच. गणपतराव रोज सकाळी तिथं यायचे. पिशवी सोडायच्या आधी काही वेळ नुसते बघत उभे राहायचे. एकदा म्हणाले, "आपल्या नाकापल्याड केवढं चालू हाय, साहेब. आपन मधूनच फिरून राहिलो अन् आपल्याला पत्ता न्हाई."

सुभद्राबाईंचं रान वाचलं. बांधाकडच्या चार-पाच ओळींत घाटे पोखरले गेले. तिथं फवारा नीट पोचला नव्हता. बाकी दोन एकर भरून आलं. मळणीला त्यांचा नवरा वसमतहून आला. हरभऱ्याच्या राशीपाशी उभा राहून तो बायकोला म्हणाला, "एवढ्या रानावर फवारा कितींदा मारला?" त्या म्हणाल्या, "एकदा." त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं ज्ञानोबाला विचारून खात्री करून घेतली.

त्यानंतर प्रकल्पात मी आणखी सहा वर्षं काम केलं. प्रत्येक गावात पहिल्या बैठकीला एक ल्युअर चिमट्यात धरून प्रत्येकाच्या नाकापाशी न्यायचो आणि विचारायचो, "वास येतो का?" बहुतेक लोक म्हणायचे, "न्हाई." ते बरोबर असायचे. प्रत्येक गावात एखादा असा भेटायचा, जो मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचा, "येतो की, साहेब, मस्त येतो." त्याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबावं लागायचं.